लशीने इजा झाली तर भरपाई मागायची कुणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी शिबिरात नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि तरीही बाईला पुन्हा दिवस गेले, तर सरकार तिला पैसे देते. डॉक्टरचा हात चुकला होता का, हे तिला सिद्ध करावे लागत नाही. कुटुंब नियोजनाच्या क्षतिपूर्ती योजनेत २०१३ साली ठरलेल्या रकमा पाहा. शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांत मृत्यू झाल्यास २ लाख रुपये, आठव्या ते तिसाव्या दिवसात झाल्यास ५०,०००, शस्त्रक्रिया फसल्यास ३०,००० आणि गुंतागुंतीच्या उपचारांसाठी २५,००० पर्यंत. रकमा तुटपुंज्या होत्या, पण तत्त्व मान्य आहे. त्याच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या त्याच व्हरांड्यात लसीकरणाचे सत्र भरते. तिथे दीड महिन्याच्या बाळाला लस दिल्यावर काही विपरीत घडले, तर त्याच्या आईबापांसाठी अशी योजना नाही. त्यांनी वकील गाठायचा, गुन्हेगार शोधायचा आणि दोष सिद्ध करायचा. छप्पर एक, खाते एक, न्याय मात्र दोन.

लसीकरणाच्या विरोधात हे पत्र नाही, हे आधीच सांगतो. देवीचा रोग गेला तो लशीने आणि २०११ नंतर देशात पोलिओच्या जंगली विषाणूचा एकही रुग्ण सापडलेला नाही, तोही लशीमुळेच. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लशी मिळतात. नेमक्या याच वयात जन्मजात दोष, फिट्स आणि अचानक येणारे आजार डोके वर काढतात. त्यामुळे लशीनंतर घडलेले सगळेच लशीमुळे घडलेले नसते. बहुतेक वेळा तो योगायोग असतो. पण ‘बहुतेक’ या शब्दाच्या पलीकडे जी थोडी मुले उरतात, त्यांचे काय करायचे, एवढाच प्रश्न आहे.

ही मुले कुठून येतात ते पाहू. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनेला खात्यात सगळे ‘एईएफआय’ म्हणतात. अशा गंभीर घटनेची छाननी झाल्यावर तज्ज्ञांची समिती तिला एक अक्षर देते. ‘ए’ म्हणजे लसीकरणाशी संबंध जुळतो, ‘बी’ म्हणजे नक्की सांगता येत नाही, ‘सी’ म्हणजे योगायोग आणि ‘डी’ म्हणजे माहितीच अपुरी. ‘ए’चे पुन्हा चार भाग आहेत. पहिला लशीच्या अंगभूत गुणधर्माचा, दुसरा उत्पादनातल्या दोषाचा, तिसरा देण्यातल्या चुकीचा आणि चौथा भीतीने चक्कर येण्यासारख्या प्रकारांचा.

पहिल्या प्रकारात कुणाचीच चूक नसते आणि भरपाईच्या वादाचा गाभा तोच आहे. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ डोसात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे २७ लाख डोसांमागे एका बाळाला त्या डोसामुळेच लुळेपणा येतो. नोव्हेंबर २०१५ पासून टोचायची पोलिओ लस आली आणि एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटेच्या डोसातून दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला, तेव्हा हा धोका आणखी घटला. पण शून्य झाला नाही. या बाळाचा पाय लुळा पडला तर त्यात ना आरोग्यसेविकेची चूक, ना कारखान्याची. बाकीची लाखो मुले वाचावीत म्हणून जी किंमत मोजावी लागते, ती या एका घराच्या वाट्याला आली. तीव्र ॲलर्जीने रक्तदाब कोसळणे, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, साधारण दहा लाख डोसांमागे एकदा घडते. गोवराच्या लशीनंतर तीस-चाळीस हजारांत एखाद्या मुलाच्या प्लेटलेट घसरतात, बहुधा आपोआप सावरतात. या आकड्यांवरून भरपाईचा बोजा किती हलका असेल, याचाही अंदाज येतो.

तिसरा प्रकार, म्हणजे लस देण्यातली चूक, जवळून पाहण्यासारखा आहे. गोवर-रुबेलाची लस कोरड्या भुकटीच्या रूपात कुपीत येते. तिच्यात मिसळायचे द्रावण त्याच उत्पादकाचे असावे लागते आणि ते वेगळ्या ॲम्प्यूलमध्ये येते. दोन्ही मिसळल्यावर कुपीवर वेळ लिहायची. चार तास उलटले किंवा सत्र संपले, यातले जे आधी घडेल तेव्हा उरलेली लस टाकून द्यायची. पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लशीसारख्या लशींच्या उघडलेल्या कुप्या नियम पाळून २८ दिवसांपर्यंत चालतात, पण ही मुभा गोवर-रुबेला आणि क्षयावरच्या बीसीजीला नाही, कारण त्यांत जंतुरोधक द्रव्य नसते. सकाळच्या सत्रात उरलेले दोन डोस वाया जाऊ नयेत म्हणून दुपारी पुढच्या वस्तीवर वापरले, आणि दरम्यान कुपीत स्टॅफिलोकोकस जंतू वाढला असला, तर त्याचे विष थेट बाळाच्या शरीरात जाते. काही तासांत उलट्या, जुलाब, चढता ताप. ओळखायची खूण म्हणजे एकाच कुपीतून लस घेतलेली दोन-तीन मुले एकदम आजारी पडतात.

याहून भयंकर म्हणजे द्रावणाची अदलाबदल. सीरियातल्या इदलिबमध्ये २०१४ साली गोवराच्या लशीत द्रावणाऐवजी ॲट्राक्युरियम हे स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले आणि १५ मुले गेली. सामोआत जुलै २०१८ मध्ये अशाच चुकीने दोन बाळे दगावली. दिसायला सारख्या ॲम्प्यूल एकाच फ्रीजमध्ये ठेवल्या की हे घडते. म्हणूनच लशीच्या शीतपेटीत दुसरे कोणतेही औषध ठेवायचे नाही, असा दंडक आहे. आपल्याकडे ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बचावली. निलंबने झाली. उत्पादनातल्या दोषाचे उदाहरणही घरचेच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये गाझियाबादच्या एका कंपनीच्या पोलिओ डोसात काढून टाकलेला दुसऱ्या प्रकारचा विषाणू सापडला. त्या कुप्या उत्तर प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्रात पोचल्या होत्या.

आता नुकसान झालेल्या कुटुंबासमोर कोणते दरवाजे आहेत, ते एकेक ठोठावून पाहू.

पहिला आठवतो तो ग्राहक आयोग. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. त्याच निकालाने, जिथे सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते ती रुग्णालये वगळली. सरकारी लसीकरण सगळ्यांना फुकट असते, म्हणून सरकारी केंद्रात लस घेतलेले बाळ ‘ग्राहक’ ठरत नाही. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे पैसे मोजून लस घेतली असेल तरच हा मार्ग खुला. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. उशीर माफ होऊ शकतो, पण तो सकारण पटवावा लागतो. जिल्हा आयोगाची ५० लाखांची मर्यादा मोजलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. त्यामुळे दोन हजारांच्या लशीचा दावा, भरपाई कितीही मागितली तरी, जिल्ह्यातच दाखल होतो. हे ठाऊक नसल्याने लोक उगाच मुंबईच्या वाऱ्या करतात.

२०१९ च्या ग्राहक कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष माल किंवा अपुरी सूचना, यांबद्दल थेट कंपनीवर दावा करता येतो. पण त्यात एक खोच आहे. तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची वस्तू असेल आणि कंपनीने त्या तज्ज्ञाला इशारा दिला असेल, तर ‘आम्हाला सांगितले नाही’ ही तक्रार कंपनीविरुद्ध टिकत नाही. लशीच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी डॉक्टरपर्यंत पोचते. आईबापांना ती कधी दिसतही नाही, आणि कायद्याच्या नजरेत इशारा देऊन झालेला असतो.

दुसरा दरवाजा दिवाणी न्यायालयाचा. शासनावर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली आधी दोन महिन्यांची नोटीस. मग हलगर्जी सिद्ध करायची, आणि ती कशी सिद्ध करणार, कारण सगळे कागद प्रतिवादीच्याच कपाटात. किती वेळ लागतो याचा मासला मराठवाड्यातच आहे. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली प्रसूतीनंतर नसबंदी झालेल्या एका महिलेच्या पोटात कापडी पॅड राहिले आणि ती दगावली. राज्याचे म्हणणे होते की शासन जबाबदार नाही. रुग्णालय चालवणे हे सार्वभौम सत्तेचे काम नसून लोककल्याणाचे आहे, म्हणून राज्य जबाबदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९९६ मध्ये. रक्कम होती ३६,००० रुपये आणि मध्ये ३३ वर्षे गेली. सरकारी आरोग्यसेवेतल्या चुकीबद्दल आजही हाच निकाल वकिलांच्या हाती पहिला असतो. पण तोही ‘चूक’ सिद्ध झाली तरच उपयोगाचा. लुळेपणा आलेल्या पोलिओच्या बाळाला त्याचा काय उपयोग?

उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट करता येते आणि जिथे चूक शासनाच्याच चौकशीत उघडी पडली आहे तिथे हा मार्ग सर्वांत जलद आहे. लशीशी संबंध आहे की नाही, असा वस्तुस्थितीचा वाद आला की मात्र न्यायालय बहुधा दिवाणी दाव्याकडे बोट दाखवते. राहिला पोलिसांचा मार्ग. संतापाच्या भरात लोक आधी तिथेच जातात. तिथे भरपाई मिळत नाही आणि फास बसतो तो सगळ्यांत खालच्या माणसावर. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये हलगर्जीने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकासाठी ती दोन वर्षांवर आणली आहे, पण ही व्याख्या वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरपुरती आहे. सुई प्रत्यक्ष हातात धरणारी आरोग्यसेविका, म्हणजे एएनएम, त्यात बसत नाही. डॉक्टरला दोन वर्षे आणि तिला पाच, असा हा अजब हिशोब आहे.

कोविड लशींच्या संदर्भात नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले, त्यातही हीच भूमिका होती. लशी तिसऱ्या पक्षांनी बनवल्या, त्यांना रीतसर मान्यता मिळाली, शासन थेट जबाबदार नाही, पीडितांनी दिवाणी किंवा ग्राहक न्यायालयात जावे. हे दोन दरवाजे कसे उघडतात ते वर आलेच आहे. कोविडचा वाद मोठा होता म्हणून गाजला. रोजच्या लसीकरणातल्या बाळांसाठी कुणी कोर्टाची पायरी चढत नाही, म्हणून त्यांचा प्रश्न बातमीतही येत नाही.

खरी विसंगती आणखी पुढे आहे. लस बाजारात येण्यापूर्वी तिच्या चाचण्या होतात. नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम, २०१९ प्रमाणे चाचणीत सहभागी झालेल्याला चाचणीमुळे इजा झाली तर आधी मोफत उपचार, आणि मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास पैसे. त्यासाठी सूत्रच दिले आहे. ८ लाख रुपये गुणिले वयाचा गुणक, गुणिले जोखमीचा गुणक, भागिले ९९.३७. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी वयाचा गुणक २२८.५४ आहे आणि निरोगी सहभागीसाठी जोखमीचा गुणक ४. आकडेमोड केली की सुमारे ७३ लाख ६० हजार रुपये येतात. आदेश निघाल्यापासून ३० दिवसांत प्रायोजकाने ते भरायचे. आता तीच लस मंजूर होऊन कार्यक्रमात आली, तीच रिॲक्शन आली, तीच हानी झाली, तर भरपाई शून्य. चाचणीतल्या मुलाचे आईबाप तिथे संमतीपत्रावर सही करून येतात. कार्यक्रमातल्या मुलाचे आईबाप आशाताई घरी आल्या म्हणून येतात. सरकारच्या सांगण्यावरून आलेल्याला जास्त संरक्षण हवे की कमी?

रस्त्यावरही आपण दोष न शोधता पैसे देतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. धडक देऊन वाहन पळून गेले तर २ लाख आणि ५०,०००. तिथे कुणी म्हणत नाही की भरपाई दिल्याने लोक गाडीत बसायला घाबरतील. लशीच्या बाबतीत मात्र हाच युक्तिवाद ऐकू येतो.

इतर देशांनी हे कसे सोडवले, ते फार लांबण न लावता. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये आणि फ्रान्सने १९६४ मध्ये भरपाईची तरतूद केली. ब्रिटनमध्ये १९७९ चा कायदा आहे. पूर्वी १०,००० पौंड मिळत, आता १,२०,००० पौंड एकरकमी मिळतात. पण अपंगत्व ६० टक्के असल्याशिवाय एक पेनीही नाही. म्हणजे ५५ टक्केवाला कोरडाच. ही अट आपण मुळीच उचलू नये.

अमेरिकेची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. १९५५ मध्ये कटर या प्रयोगशाळेच्या पोलिओ लशीत विषाणू पुरता मेलेला नव्हता. सुमारे २०० जणांना लुळेपणा आला, १० दगावले. ज्युरीने सांगितले की कंपनीने हलगर्जी केली नाही, तरीही माल निर्धोक असल्याची हमी मोडली म्हणून भरपाई द्यावी. पुढे १९८० च्या दशकात डीपीटीवर, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लशीवर, दाव्यांचा पाऊस पडला, कंपन्या लस बनवणे सोडू लागल्या आणि तुटवड्याची वेळ आली. तेव्हा १९८६ मध्ये कायदा झाला आणि ऑक्टोबर १९८८ पासून योजना चालू झाली. पैसा येतो तो लशीवरच्या करातून. लस ज्या रोगांपासून वाचवते त्या प्रत्येक रोगामागे दर डोसाला ७५ सेंट. फ्लूच्या डोसावर ७५ सेंट, गोवर-गालगुंड-रुबेलावर सव्वादोन डॉलर. दावा कंपनीवर नव्हे तर आरोग्य खात्यावर लावायचा आणि तो विशेष न्यायाधिकाऱ्यापुढे चालतो. त्याच्यापुढे एक तक्ता असतो. अमुक लस, अमुक इजा, अमुक वेळेत. ॲनाफिलॅक्सिस चार तासांत, सुई चुकीच्या जागी बसल्याने खांद्याला झालेली इजा ४८ तासांत, फ्लूच्या लशीनंतरचा गिलाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार तिसऱ्या ते बेचाळिसाव्या दिवसात. तक्त्यात बसले की संबंध गृहीत धरला जातो आणि तो खोडून काढायचे काम सरकारचे. तक्त्याबाहेरचा दावाही चालतो, पण तिथे पारडे आपल्या बाजूला थोडे तरी झुकते हे दाखवावे लागते. मृत्यूला अडीच लाख डॉलर. दावा हरला तरी तो प्रामाणिक आणि साधार असेल तर वकिलाची फी निधीतून. माझ्या मते या योजनेचा कणा तीच तरतूद आहे, कारण त्यामुळे गरिबालाही चांगला वकील मिळतो.

ही योजना भोळी नाही. लशींनी स्वमग्नता होते हा दावा २००९-१० मध्ये तिथे पुराव्यानिशी फेटाळला गेला. तिच्यातही खोट आहेच. पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांत अर्ज न केल्याने बरेच दावे बाद होतात. आणि कोविडच्या लशी या योजनेत न घेता वेगळ्या, कंजूष योजनेत टाकल्या. तिथे मुदत एक वर्षाची आणि वकिलाची फी नाही.

आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होईल. तोवर ज्या घरात असे काही घडले आहे, त्यांनी काय करावे हे सांगणे जास्त गरजेचे आहे. दावे पडतात ते कायद्यापेक्षा कागदांअभावी.

लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा. ॲनाफिलॅक्सिस बहुधा त्याच वेळेत दिसतो. अंगावर गांध्या, ओठ सुजणे, श्वासाला घरघर, बाळ एकदम गळून जाणे. अशा वेळी मांडीत ॲड्रिनॅलिनचा एक डोस देऊन मगच पुढे पाठवण्याची मुभा आणि प्रशिक्षण एएनएमला आहे. दर किलो वजनाला ०.०१ मि.लि., म्हणजे पाच किलोच्या बाळाला ०.०५ मि.लि., ४० युनिटच्या इन्शुलिन सिरिंजवर फक्त दोन रेघा. हा संच सत्राच्या टेबलावर हवाच. तो होता का आणि औषधाची मुदत संपली नव्हती ना, हे पुढच्या चौकशीत सर्वांत निर्णायक ठरते.

घटना घडली की तोंडी सांगून थांबू नका. वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. दाखल व्हावे लागणे, अपंगत्व, मृत्यू किंवा एकाच सत्रातली अनेक मुले आजारी पडणे, ही सगळी ‘गंभीर’ घटनेची लक्षणे आहेत आणि त्यांची नोंद करणे केंद्राला टाळता येत नाही. पहिला नोंद अर्ज ४८ तासांत पुढे जायला हवा, प्राथमिक तपास अर्ज १० दिवसांत, अंतिम ७० दिवसांत आणि राज्य समितीचा निष्कर्ष १०० दिवसांत. केंद्राने टाळाटाळ केली तर जिल्हा माता व बालसंगोपन अधिकाऱ्याकडे जा. खासगी दवाखान्यात लस घेतली असली तरी नोंद तिथेच होते. औषधांच्या दुष्परिणामांसाठी १८००-१८०-३०२४ ही राष्ट्रीय मोफत सेवाही आहे.

लसीकरण कार्डाचे फोटो त्याच दिवशी काढा, दोन्ही बाजूंचे. कार्डावर तारीख असते, बॅच क्रमांक बहुधा नसतो. तो असतो केंद्राच्या साठा नोंदवहीत. बॅच नसेल तर ‘उत्पादनातला दोष’ हा मुद्दाच मांडता येत नाही, म्हणून अर्जात हे स्पष्ट मागा : लशीचे नाव, उत्पादक, बॅच, मुदत, द्रावणाचा बॅच, कुपी उघडल्याची वेळ, त्याच कुपीतून आणखी कितीजणांना लस दिली. उघडलेल्या कुप्या आणि सिरिंजा जपून ठेवण्याची विनंती त्याच अर्जात करा. लशीचे नमुने कसौलीच्या केंद्रीय प्रयोगशाळेत तपासले जातात. शीतसाखळी तुटली की नमुना निरुपयोगी होतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी केलेली विनंती आणि आठवड्याने केलेली विनंती यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुर्दैवाने मूल गेले, तर शवविच्छेदनाला नकार देऊ नका. आईबापांसाठी याहून कठीण काही नाही, हे कळते. पण नकार दिला की फाइलवर ‘माहिती अपुरी’ हा शेरा येण्याची दाट शक्यता असते, आणि ‘डी’ अक्षर लागलेल्या प्रकरणात वकील काहीही करू शकत नाही. शवविच्छेदन शक्यतो ७२ तासांच्या आत व्हावे.

रुग्णालयातले सगळे कागद लेखी मागा. वैद्यक परिषदेच्या आचारनियमांप्रमाणे ते ७२ तासांत द्यायचे असतात आणि तीन वर्षे जपून ठेवायचे असतात. तीन वर्षांनी जाग आली तर कागद रद्दीत गेलेले असू शकतात. समितीचा निष्कर्ष आपण होऊन घरी येईल, या भरवशावर राहू नका. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून तपास अर्ज, निष्कर्षाचे अक्षर आणि समितीची कारणे मागा. तीस दिवसांत उत्तर नाही तर प्रथम अपील. एक सावधगिरी : ‘बी’ किंवा ‘सी’ आले म्हणजे दावा संपला असे नाही. ही समिती लशीच्या सुरक्षिततेवर नजर ठेवण्यासाठी आहे, दोघांमधला वाद मिटवण्यासाठी नाही. तिचा निष्कर्ष पुरावा आहे, निकाल नाही, आणि स्वतंत्र बालरोगतज्ज्ञाचे किंवा मेंदूविकारतज्ज्ञाचे लेखी मत त्याच्यासमोर ठेवता येते.

अपंगत्व आले असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचे राष्ट्रीय ओळखपत्र, काढा. ४० टक्क्यांवर अनेक सवलती चालू होतात आणि पुढे भरपाई ठरवताना हाच कागद आधार असतो. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अर्ज बाळाच्या नावाने, आईच्या सहीने करा.

शासनाने काय करावे, ते फार अवघड नाही. ‘ए’ गटातल्या पहिल्या तीन प्रकारांना दोष न शोधता भरपाई. ‘बी’ला निदान उपचार आणि पुनर्वसनाचा खर्च, कारण तिथे विज्ञानाला उत्तर देता आलेले नाही, कुटुंबाला नव्हे. समितीपुढे आईबापांना बोलता यावे, निष्कर्ष मराठीत आणि लेखी मिळावा, त्यावर अपील असावे. रकमेसाठी नवे डोके लढवायला नको, चाचण्यांचे सूत्र तयार आहे. पैशाचे म्हणाल तर देशात वर्षाला सुमारे २ कोटी ६० लाख बाळे लसीकरणाच्या कक्षेत येतात. दर बाळामागे १० रुपये बाजूला काढले तर २६ कोटी होतात. सरासरी १० लाख धरले तर वर्षाला २६० कुटुंबे त्यात बसतात. केंद्र हलत नसेल तर महाराष्ट्राने स्वतःपुरता निधी उभारायला आडकाठी नाही, आरोग्य हा राज्याचाच विषय आहे.

सामोआचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. २०१८ मधल्या त्या दोन मृत्यूंनंतर दोन परिचारिकांना पाच-पाच वर्षांची शिक्षा झाली, दरम्यान लसीकरण थांबले आणि लोकांचा विश्वास उडाला. २०१९ मध्ये तिथे गोवराची साथ आली. दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ जण दगावले, बहुतेक पाच वर्षांखालची मुले.

आपला,
एक वाचक, सातारा